चांद्याच्या डोंगरांत : पायी, धावत आणि सायकलवर

मुलांनो, 'चांद्यापासून बांद्यापर्यंत' हे शब्द तुम्ही कधी ना कधी ऐकले असतील. अख्खा महाराष्ट्र म्हणायचं असलं की मोठी माणसं भाषणात हमखास असं म्हणतात. बांदा आहे तिकडे सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेजवळ. आणि चांदा? चांदा म्हणजे आमचं चंद्रपूर! महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या टोकाला. म्हणजे बघा, महाराष्ट्र मोजायला सुरुवात करायची ती आमच्यापासून. फिरायला मात्र आमच्याकडे फारसं कुणी येत नाही. आले तर ताडोबाचा वाघ बघायला येतात. जिप्सी गाडीत बसतात, वाघ दिसला की खूश होतात, नाही दिसला की रुसतात आणि परत जातात.

आज मी तुम्हाला गाडीतून खाली उतरवणार आहे! आपण थोडं धावू, थोडी सायकल चालवू आणि पुष्कळ चालू. दमलात तर सांगा, मोहाच्या झाडाखाली बसू.

पूर्वी चांदा हा एकच भला मोठा जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. दोन्ही जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते. नदीच्या पलीकडे गेलं, की जंगल दाट होत जातं. गडचिरोलीचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग जंगलाचा आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह आणि बांबूची बेटंच्या बेटं! डोंगर सह्याद्रीसारखे उंच, कडेकपारींचे नाहीत. पण एकामागून एक येतात. एक चढून उतरलो म्हणेपर्यंत दुसरा समोर हजर!

मी जन्माने चंद्रपूरची आणि नोकरीने गडचिरोलीची. डी.एड. झाल्यावर कोरची तालुक्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले. हा तालुका छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे, चारही बाजूंनी डोंगर. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा, खरं सांगते, मी रडले होते. गडचिरोली म्हटलं की वर्तमानपत्रातल्या बातम्याच आठवायच्या ना! आज तेच डोंगर मला माझ्या घरासारखे ओळखीचे झाले आहेत. कसे झाले? पायांनी झाले. तेच सांगायचं आहे.

कुत्र्यामागे धावणारा ससा

सुरुवात धावण्यापासून करू, कारण आमचं चंद्रपूर शहर धावण्यातूनच जन्माला आलं, असं म्हणतात!

पंधराव्या शतकात इथे गोंड राजांचं राज्य होतं. त्यांतल्या खांडक्या बल्लाळशहा या राजाची ही दंतकथा. राजा एकदा घोड्यावरून रपेट करायला निघाला. सोबत त्याचा शिकारी कुत्रा. एवढ्यात झुडपातून एक ससा बाहेर आला. त्याच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. मग काय, कुत्रा सशाच्या मागे लागला असेल, असंच वाटलं ना तुम्हाला? छे! ससाच कुत्र्याच्या मागे लागला! पुढे कुत्रा, मागे ससा आणि दोघांच्या मागे चक्रावून गेलेला राजा. वेडीवाकडी वळणं घेत, मोठा फेरा मारून ही वरात फिरली. राजाने महालात येऊन राणीला सगळी हकिकत सांगितली. राणी मोठी हुशार. तिने सल्ला दिला, की जिथल्या सशाला एवढं धाडस येतं ती जागा साधी नाही. ससा जिथून जिथून धावला त्या रेषेवर कोट बांधा आणि आत शहर वसवा.

कोट बांधून पुरा व्हायला पुढच्या राजांच्या पिढ्या लागल्या. शहराभोवतीचा हा परकोट आजही उभा आहे, सुमारे ११ किलोमीटरचा. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे त्याचे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या. खिडकी म्हणजे छोटं दार बरं का! त्यांतल्या एकीचं नाव तर चक्क चोर खिडकी!

मी लहान असताना बाबा मला आणि माझ्या भावाला रविवारी सकाळी या परकोटाच्या कडेने धावायला न्यायचे. पहिल्या दिवशी मी अशी काही सुसाट सुटले, की विचारू नका. आणि पाचच मिनिटांत पोटात कळ येऊन मट्‌कन खाली बसले. बाबा मागून आरामात आले. येताना ते दादाशी गप्पा मारत होते. मला म्हणाले, "धावताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नाही म्हणजे वेग जास्त झाला." किती साधा नियम! पण तो खरा आहे. पायांच्या स्नायूंना प्राणवायू लागतो. वेग वाढवला की तो पुरवता पुरवता श्वास अपुरा पडतो, मग तोंडातून शब्दही फुटत नाही. चढावर पावलं छोटी टाका, उतारावर गुडघे किंचित वाकवा आणि सगळीकडे गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने धावा. मग बघा, लांबचं अंतरही कसं सरतं ते.

तेव्हा परकोटावर झाडंझुडपं माजली होती. काही ठिकाणी तर कोट आहे हेच कळत नसे. २०१७ मध्ये इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी कोटाची सफाई हाती घेतली. रोज सकाळी कुदळी-फावडी घेऊन ते जायचे, असे कितीतरी महिने. आता कोटाच्या माथ्यावरून बऱ्याच ठिकाणी चालता येतं. मागच्या दिवाळीत मी घरी गेले तेव्हा बाबांसोबत वर चढले. बाबा आता धावत नाहीत, हळूहळू चालतात. पण गप्पा तशाच चालू होत्या!

घाट आणि बाबांची सायकल

कोरचीला रुजू व्हायला निघाले, तेव्हा बाबांनी त्यांची काळी सायकल माझ्यासोबत एसटीच्या टपावर चढवली. याच सायकलवर मी कैची शिकले होते. कैची म्हणजे माहीत आहे ना? सीटपर्यंत पाय पोचत नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून, तिरकं होऊन सायकल मारायची. तुमच्या आईबाबांना विचारा, गुडघ्यावरची खूण दाखवतील!

आमच्या भागात सायकलचा विषय निघाला, की मला वरोऱ्याचं आनंदवन आठवतं. तेही चंद्रपूर जिल्ह्यातच. कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणारे बाबा आमटे सत्तरीला पोचले होते आणि पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना धड बसताही येत नव्हतं. तरी त्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. सोबत शंभराहून अधिक तरुण-तरुणी, सगळे सायकलवर! बाबा स्वतः गाडीत आडवे पडून प्रवास करत. १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली, अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत. म्हणजे आधी दक्षिण-उत्तर आणि मग पूर्व-पश्चिम. नकाशा काढा आणि या दोन रेषा बोटाने ओढून बघा. देश केवढा आहे ते लगेच कळतं. गाडीतून जाणाऱ्याला गावाची पाटी दिसते. सायकलवरून जाणाऱ्याला गावातली माणसं भेटतात, पाणी विचारतात. माणसं जोडायला निघालेल्यांनी सायकल का घेतली असेल, ते तुम्हीच ओळखा.

आता आमचा घाट. कुरखेड्याहून कोरचीकडे निघालं, की बेडगावचा घाट लागतो. माझ्या सायकलला गिअर नाहीत. पहिल्यांदा घाट चढताना मी दात-ओठ खाऊन पायडल मारत होते आणि सायकल जागची हलत नव्हती. तेवढ्यात मागून आठवी-नववीच्या मुली आल्या. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर त्या हायस्कूलला जात होत्या. चढ लागला तशा सगळ्या टुण्‌कन खाली उतरल्या आणि रांगेने सायकली ढकलत, हसत-खिदळत माझ्या पुढे निघून गेल्या! मी मात्र इभ्रत सांभाळत पायडलला लटकलेली! शेवटी मीही उतरले. त्या दिवसापासून शिकले, की चढावर सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा काही नाही. उलट तेवढ्यात डावीकडचं मुंग्यांचं वारूळ आणि उजवीकडचा रानकोंबडा दिसून जातो.

पण चढापेक्षा उतार अवघड, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. परत येताना घाटाच्या माथ्यावरून सायकल सोडली. वारा कानांत शिरत होता, ओढणी फडफडत होती. काय मजा! वळण जवळ आलं तसा मी ब्रेक दाबला. ब्रेक लागेना! सगळा उतार मी ब्रेक अर्धवट दाबूनच आले होते. रबरं आधीच झिजलेली, त्यात ती तापली. मी रस्त्याच्या कडेच्या मातीत सायकल घातली आणि कोलांटी खाल्ली. कोपर फुटलं, चष्म्याची काडी मोडली. थोडक्यात वाचले, कारण त्या वळणाच्या पलीकडून ट्रक येत होता.

म्हणून कळकळीने सांगते. सायकल काढण्याआधी रोज ब्रेकची रबरं बघा, हवा बघा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आधी मागचा, मग हलकेच पुढचा. नुसता पुढचा जोरात दाबलात तर सायकल थांबेल, पण तुम्ही थांबणार नाही! पावसात चाकाची कडा ओली असते, ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधीपासूनच वेग कमी ठेवा. आणि डोक्यावर हेल्मेट. मी तेव्हा घातलं नव्हतं. आता घालते.

"आवडते का म्हंजे?"

शाळेत रुळल्यावर एक दिवस मी मुलांना विचारलं, "तुम्हाला चालायला आवडतं का?" वर्गात शांतता. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग चौथीतली एक मुलगी म्हणाली, "आवडते का म्हंजे? चालतो!"

मी ओशाळले. ही मुलगी जवळच्या टोल्यावरून, म्हणजे गावापासून दूर असलेल्या वस्तीवरून, रोज दोन किलोमीटर चालत येते आणि दोन किलोमीटर चालत जाते. मधे एक नाला आहे. तिची आई पाण्याला चालते, सरपणाला चालते, तेंदूपत्ता तोडायला चालते, आठवडी बाजाराला चालते. शहरात आपण चालण्याला व्यायाम म्हणतो, छंद म्हणतो. इथे त्याला नाव नाही. श्वास घेणं आवडतं का, असं कुणी विचारतं का?

दक्षिणेकडे भामरागडजवळ हेमलकसा आहे. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले तेव्हाची गोष्ट. लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला डिसेंबर १९७३ मध्ये. तेव्हा पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंदच व्हायचा. माडिया माणसं आजाऱ्याला खाटेवर घालून, खांद्यावर घेऊन, कित्येक मैल चालत दवाखान्यात आणायची. पुढे रस्ते झाले, पूल झाले. तरी आजही काही पाड्यांवरून नाले भरले, की खाटेचाच आधार घ्यावा लागतो. तेव्हा मुलांनो, डोंगरातल्या वाटेवर कुणी डोक्यावर मोळी घेऊन येताना दिसलं, तर बाजूला होऊन आधी त्यांना वाट द्या. ते फिरायला निघालेले नसतात.

मग या मुलांना चालण्यात मजा वाटतच नाही का? थांबा. त्या मुलीने मला नंतर काहीतरी दाखवलं. ते शेवटी सांगते.

"मॅडम, नखं राहिले"

आता माझी मोठी चूक ऐका.

चैत्रात मोह फुलतो. त्याची फुलं मलईच्या रंगाची, गुबगुबीत आणि गोड असतात. रात्रभर टप् टप् गळत राहतात. पहाटे घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन ती वेचायला निघतात. त्या दिवसांत वर्गात निम्मी मुलं उशिरा येतात आणि त्यांच्या हातांना मोहाचा वास असतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे ऊन ४५ अंशांच्या वर जातं, म्हणून सकाळची शाळा असते. शाळेआधी धावून यावं म्हणून मी पहाटे पाचला एकटीच निघायची. पायात मऊ तळव्यांचे बूट. पावलांचा आवाज अजिबात होत नसे आणि त्याचं मला कौतुक वाटायचं! एक दिवस धुळीत पावलं उमटलेली दिसली. अनवाणी माणसाची असतात तशीच, जरा रुंद. कुणाचं तरी पोर मोह वेचायला गेलेलं दिसतं, असं म्हणून मी त्यांच्या मागोमाग निघाले.

"ओ मॅडम! थांबा, थांबा!"

मागून टोपली घेतलेली एक म्हातारी आजी आणि तिची सून येत होत्या. आजी मोठ्याने बोलत, काठी जमिनीवर आपटत येत होती. मला म्हणाली, "एकटीच कुठं चालली वो? अस्वल का तुमाले इचारून येईन?" तिने काठीने ते पाऊल दाखवलं. मी नीट पाहिलं. बोटांच्या पुढे, जरा अंतरावर, पाच बारीक खड्डे होते. नखांचे! तेवढ्यात पुढच्या मोहाखालच्या झुडपात खसखस झाली आणि एक काळी केसाळ पाठ हलत हलत नाल्याकडे गेली. आम्ही तिघी उभ्याच राहिलो. माझे पाय किती वेळ थरथरत होते, सांगू नका! आजीने टोपली खाली ठेवली, मला बसवलं आणि कमरेच्या तुंब्यातलं पाणी पाजलं. तुंबा म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याची पाण्याची बाटली. त्यातलं पाणी गार राहतं.

शाळेत गेल्यावर मी फळ्यावर ते पाऊल काढलं आणि विचारलं, "हे कुणाचं?" मुलं म्हणाली, "माणसाचं." तिसरीत एक मुलगा आहे. घरी गोंडी बोलतो, मराठीत उत्तर द्यायला बिचकतो. वर्षभरात त्याने आपणहून तोंड उघडलं नव्हतं. तो उठला, माझ्या हातातला खडू घेतला आणि बोटांच्या पुढे पाच रेघा ओढल्या. म्हणाला, "मॅडम, नखं राहिले."

आणि मग तो बोलतच सुटला! अस्वलाला डोळ्यांनी नीट दिसत नाही, कानांनीही फारसं कळत नाही. नाक मात्र तेज असतं. त्याचं डोकं वारुळात किंवा मोहाच्या फुलांत असतं. माणूस गुपचूप जवळ गेला, की ते दचकतं आणि अंगावर येतं. म्हणून बोलत जायचं, काठी आपटत जायचं. म्हणजे माझे आवाज न करणारे बूटच माझे शत्रू होते की! मी कॉलेजात पुष्कळ शिकले, पण हा धडा माझ्या पुस्तकात नव्हता. त्या दिवशी पहिली ते चौथीच्या मुलांनी मिळून नियम केले आणि मी ते फळ्यावर लिहिले:

१. जंगलात एकट्याने जायचं नाही. मोठं माणूस सोबत हवंच.

२. सूर्य उगवल्यावर निघायचं, मावळायच्या आत घरी यायचं.

३. बोलत चालायचं, काठी आपटायची. कानांत काही घालायचं नाही.

४. कुठे जातो ते घरी सांगून जायचं.

५. अस्वल दिसलं तर पळायचं नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं.

६. जिथे वाघ आहे तिथे एकट्याने वाकून, बसून काम करायचं नाही.

सहावा नियम का? वाकलेला माणूस लांबून चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. राज्यात सगळ्यांत जास्त वाघ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसं दगावतात, ती बहुतेक पोटासाठी जंगलात वाकलेली माणसं असतात. पाहुणे म्हणून आपण येतो तेव्हा हे विसरू नका. ताडोबाच्या गाभ्यात पायी फिरायला मनाई आहे, ती उगीच नाही. इतर जंगलातही गावकऱ्यांना आणि वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव तर आपल्या जंगलावरच्या सामूहिक हक्कासाठी देशभर ओळखलं जातं. आपण दुसऱ्याच्या घरात जाताना दार वाजवतो ना? तसंच हे.

तेव्हापासून मी पहाटे एकटी धावत नाही. शाळा सुटल्यावर, उजेडात, मुलांबरोबर धावते. गप्पा मारत! बाबांचा नियम आणि अस्वलाचा नियम शेवटी एकच निघाला.

जिवतीच्या डोंगरापासून एव्हरेस्टपर्यंत

रोज चालणाऱ्या पायांत काय असतं, ते २०१८ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांतली काही मुलंमुली 'मिशन शौर्य' या मोहिमेसाठी निवडली गेली. जिवतीसारख्या डोंगरी भागातली ही मुलं. आईवडील शेतकरी, मजूर. एव्हरेस्ट हे नावसुद्धा त्यांनी पुस्तकातच वाचलेलं. आमच्याकडे बर्फ बघायला मिळतो तो फक्त बर्फगोळेवाल्याच्या गाडीवर! आधी त्यांना डोंगर चढण्याचं शिक्षण मिळालं, मग हिमालयात सराव झाला. आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण ८,८४८ मीटर उंचीच्या शिखरावर पोचले.

मोहिमेतल्या सगळ्यांनाच शिखर गाठता आलं नाही. पण तिथवर जाऊन परत येणं हेसुद्धा मोठं धैर्याचं काम आहे, हे लक्षात ठेवा. डोंगरावर 'आज इथूनच परत फिरू' असं म्हणता येणं, ही चढण्याइतकीच मोठी विद्या आहे.

माझ्या वर्गाच्या भिंतीवर मी या मुलांची नावं लिहिली आहेत. आमच्या मुलांना ती नावं परकी वाटत नाहीत. 'मडावी' तर आमच्या हजेरीपटातही आहेत!

तो उतार

आता त्या चौथीतल्या मुलीने मला काय दाखवलं ते सांगते. एक दिवस शाळा सुटल्यावर मी तिच्या टोल्यावर जायला निघाले. तिची आई आजारी होती, विचारपूस करायची होती. वाटेत ती मला एकेक ओळख करून देत होती. हे चाराचं झाड, याच्या बियांची चारोळी होते. हे कुसुमाचं, फाल्गुनात याला पालवी लाल येते, फुलंच आलीत असं वाटतं. हा दगड म्हणजे अर्धी वाट झाल्याची खूण. इथे तिची आजी नेहमी दम खाते.

मग एक टेकडी चढून आम्ही वर आलो. समोर मऊ मातीचा लांबच लांब उतार होता आणि खाली नाल्याचं पाणी चमकत होतं. तोपर्यंत शहाण्यासारखी चालणारी ती मुलगी थांबली. तिने दप्तराचे पट्टे घट्ट केले, माझ्याकडे पाहून हसली आणि एकदम धावत सुटली! तिच्यामागे तिचा लहान भाऊ, त्याच्यामागे आणखी दोघं. दप्तरं पाठीवर थाडथाड उडतायत, तोंडाने 'ऽऽऽ' असा लांब सूर! रोज या उतारावर ती अशीच धावतात. कुणी सांगितलं म्हणून नाही, उशीर झाला म्हणूनही नाही. दोन किलोमीटरांच्या चालण्यातला तेवढा तुकडा त्यांचा स्वतःचा आहे.

खालून ती ओरडली, "या ना मॅडम!"

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी पालक बघत नव्हते. मी साडीचा पदर खोचला, गुडघे किंचित वाकवले आणि सुटले!

नाल्याशी पोचल्यावर धापा टाकत मी तिला विचारलं, "काय गं, आवडतं ना चालायला?" ती म्हणाली, "हे आवडते."

मुलांनो, तुमच्याकडे आमच्यासारखं जंगल नसेल. टेकडी असेल, कालव्याची वाट असेल, नाहीतर शाळेमागचा मोकळा रस्ता असेल. या रविवारी आईला, बाबांना किंवा ताई-दादाला सोबत घ्या आणि तुमच्या घरापासून दोन किलोमीटर चालून या. मोबाइल खिशात राहू द्या. वाटेतल्या पाच झाडांची नावं शोधा. नाव कळलं नाही तर तिथल्या एखाद्या आजी-आजोबांना विचारा, ते नक्की सांगतील. वाटेतली एक चढण आणि एक उतार हेरून ठेवा. रस्ता गाड्यांचा नसेल तर त्या उतारावर एकदा धावून बघा. आईबाबांनाही धावायला लावा! मग तुमच्या उताराला एक नाव द्या आणि ते आम्हाला लिहून कळवा. मी ती नावं माझ्या वर्गात वाचून दाखवीन.

आणि कधी चांद्याकडे आलात तर दिवाळीनंतर या. तेव्हा ऊन कोवळं असतं, नाल्यांना पाणी असतं. तुंबा आमच्याकडे आहे, काठी आम्ही देऊ. बोलायची तयारी मात्र तुमची हवी, कारण आमच्या वाटेवर गप्प बसून चालता येत नाही!

जोहार!